पाकिटावरचं नाव

प्रिय रेवा आणि निहार,

गेल्या रविवारी व्हिडिओवर निहारने नूडल्सचं एक पाकीट कॅमेऱ्यासमोर धरलं आणि ओरडला, "आजी, लुक! जॅपनीज! चिनात्सु!" पाकीट पिवळं होतं आणि त्यावर एक हसरी मुलगी छापलेली होती. तुम्ही दोघं मला त्या नावाचा अर्थ विचारत होतात. मी "चहा उतू जातोय" असं सांगून फोन ठेवला. चहा ठेवलेलाच नव्हता. हे आधी सांगून टाकते, कारण पुढे ज्या माणसाबद्दल लिहिणार आहे, त्याला ही थाप आवडली नसती.

ते नाव माझ्या ओळखीचं आहे. ते मला ज्यांच्यामुळे कळलं, ते अनंत खांबेटे मागच्या महिन्यात इथे सिंगापुरात, चोआ चू कांगला वारले. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्याबद्दल कोणी काही लिहून ठेवील असं मला वाटत नाही, म्हणून मी लिहिते आहे. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं, तरी हे मराठीतच लिहिते, कारण आमचं बोलणं मराठीत झालं होतं. रेवा, तू स्वतः वाचून पाहा. अक्षर मोठं काढते. अडलं तर बाबांना विचारा.

मी नोकरी करत होते ते ऑफिस पाया लेबारला, एका इमारतीच्या नवव्या मजल्यावर होतं. जपानी कंपन्यांची पेटंट आणि ट्रेडमार्क सिंगापुरात नोंदवून देणं हे आमचं काम. पेटंट म्हणजे नवी युक्ती शोधून काढणाऱ्याला काही वर्षांपुरता मिळणारा हक्क. ट्रेडमार्क म्हणजे मालावरचं नाव किंवा खूण. ती नोंदवली की दुसऱ्याला तशा मालावर वापरता येत नाही. कोणाची मुदत कधी संपते त्या तारखा मी सांभाळत असे. खांबेटे जपानी कागदांचं इंग्रजीत भाषांतर करत आणि पुरावे गोळा करत. ते पुण्यात संध्याकाळच्या वर्गात जपानी शिकले, काही वर्षं ओसाकात राहिले आणि तिथून इथे आले. उंच, खांद्यात वाकलेले. शर्टाच्या खिशात एक बारकी पेन्सिल आणि पांढऱ्या कागदी चिकटपट्टीचं रीळ. ऑफिसात सगळे त्यांना जपानी रीतीने आदराचं 'सान' जोडून खांबेटे-सान म्हणत. ते मला लिमयेबाई म्हणत, अगदी शेवटपर्यंत.

माझ्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. खालच्या दुकानातून मी भाताचा तो त्रिकोण आणला होता. तुम्ही इथे होतात तेव्हा शाळेत न्यायचात, तोच. घाईत मी वरचा प्लास्टिकचा कागद टरकावला. समुद्री शेवाळाचा काळा पापुद्रा फाटून अर्धा कागदात राहिला आणि भात हातात आला.

"अहो, काय केलंत हे!" पलीकडच्या टेबलावरून आवाज आला. मला वाटलं, माझ्या साडीवर काही सांडलं.

खांबेटे उठून आले. त्यांनी स्वतःचा त्रिकोण माझ्यासमोर ठेवला. "कागदावर आकडे छापलेत ते बघा. एक. वरची पट्टी ओढून पार खालपर्यंत न्यायची. दोन. हा कोपरा. तीन. हा कोपरा." कागद दोन्ही बाजूंनी सरसर निघाला आणि कोरडा, कुरकुरीत पापुद्रा भातावर नीट बसला. "भात ओला, शेवाळ कोरडं. दोघांच्या मध्ये एक पडदा, आणि तो खाणाऱ्यानेच शेवटच्या क्षणी काढायचा. एवढ्यासाठी किती माणसांनी किती वर्षं डोकं घातलंय! आणि तुम्ही ते केळ्यासारखं सोललंत."

"केळं अशानं फाटत नाही," मी म्हटलं.

"म्हणून तर केळ्याला पेटंट नाही," ते म्हणाले आणि आपला त्रिकोण माझ्यापुढे ठेवून माझा फाटका घेऊन गेले.

त्यांना साधी वस्तू साधी दिसतच नसे. टेबलावरच्या कटरचं बोथट टोक मोडताना ते थांबत आणि चॉकलेटच्या वडीवरच्या रेघा पाहून ही पात्याची युक्ती कशी सुचली ते सांगत. डब्यातली माशाच्या आकाराची सोया सॉसची चिमुकली बाटली ते दिव्यासमोर धरत. ज्याने गाणं म्हणायचं यंत्र आधी बनवलं त्याने पेटंट घेतलंच नाही, हे मात्र ते दर वेळी जरा हळू आवाजात सांगत. "जग गातंय," ते म्हणत, "आणि तो माणूस त्याबद्दल कुरकुरही करत नाही म्हणे. मला नसतं जमलं."

एक गोष्ट मात्र ते आमच्या प्रत्येक नव्या मुलीला समजावून सांगत. तीच मी तुम्हाला सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पेटंट साधारण वीस वर्षांनी संपतं, त्याला इलाज नाही. मग ती युक्ती सगळ्यांची होते. नावाचं तसं नाही. नाव वापरत राहिलं, वेळेवर नोंद पुढे चालवली, तर ते कितीही वर्षं टिकतं. पण ते नाव घालून माल विकणं सलग पाच वर्षं बंद पडलं, तर दुसरा कोणीही अर्ज करून ती नोंद रद्द करून घेऊ शकतो. मग ज्याचं नाव आहे त्याने दाखवायचं, की नाही, मी विकत होतो. तोंडी नव्हे, वस्तू आणि तारीख समोर ठेवून.

म्हणून ती पेन्सिल आणि ती चिकटपट्टी. आमच्या ग्राहकांचा माल कुठेही दिसला की खांबेटे दोन नग घेत. दुकानातून बाहेर पडायच्या आत पट्टीचा तुकडा फाडून त्यावर तारीख, दुकान आणि किंमत लिहून चिकटवत. एक नग खायचा, एक कपाटात. मी एकदा विचारलं, मालाचं नाव का लिहीत नाही?

"नाव पाकिटावर आहेच की. एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहिली की चूक व्हायला जागा होते."

मला ते पटलं. मीही त्याच वळणाची आहे.

चोआ चू कांगच्या त्यांच्या फ्लॅटवर तुमचे आजोबा आणि मी एकदा जेवायला गेलो होतो. वरणभात, बटाट्याची भाजी, बाजारचं लोणचं. मग त्यांनी कपाट उघडलं. वरपासून खालपर्यंत पाकिटं, डबे, झाकणं, खोकी. काही भरलेली, काही धुऊन वाळवून सपाट केलेली, आणि प्रत्येकावर पट्टी. आजोबा थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "खांबेटे, तुमच्याकडे चोर शिरला ना, तर रडत बाहेर येईल." खांबेटे हसले. पण परत निघताना लिफ्टपाशी मला म्हणाले, "यातल्या तीन नावांचे मालक आता हयात नाहीत, बाई. नावं आहेत."

त्यांचा हा स्वभाव नेहमीच शोभत असे असं नाही. टॅम्पिनीसला आमच्या ब्लॉकखालच्या दुकानात ते एकदा कंपासपेटी हातात घेऊन उभे राहिले. तिच्यावर एका जपानी अस्वलाची नक्कल होती, बरीच वाईट.

"आंटी, धिस बेअर हॅज नो परमिशन," ते गंभीरपणे म्हणाले.

दुकानातल्या चिनी आंटीने त्यांना चष्म्यावरून न्याहाळलं आणि इथल्या इंग्रजीत सुनावलं. "अंकल, यू बाय ऑर नॉट? डोन्ट बाय, डोन्ट टच, लाह."

ते निमूटपणे पेटी विकत घेऊन बाहेर आले आणि तिच्यावर पट्टी लावली. मी हसून बेजार झाले. "नकलेचीही तारीख लागते," एवढंच ते म्हणाले.

आता हिराओका-सान. या एक जपानी बाई होत्या. लग्न होऊन सिंगापूरला आल्या आणि नवरा गेल्यावरही इथेच राहिल्या. आमच्या ग्राहकांत सगळ्यात लहान व्यवसाय त्यांचा. त्या घरी भातावर भुरभुरायची एक कोरडी चटणी करत: भाजलेले तीळ, शेवाळ, मीठ आणि कसलीतरी आंबट वाळलेली पानं. ती लहान पाकिटांत भरून एका जपानी किराणा दुकानात ठेवत. पाकिटावर नाव होतं चिनात्सु. हे त्यांच्या मुलीचं नाव. ती सहा वर्षांची असताना तापाने गेली. भाताबरोबर तिला तेवढी एक चटणीच चाले, म्हणून बाईंनी ती करायची थांबवली नाही, आणि दुसऱ्यांसाठी करायला लागल्या तेव्हा तिचं नाव घातलं. नाव नोंदवायला त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा फॉर्मवर 'नाव कुठून आलं' असा रकाना नव्हता, तरी त्यांनी हे खांबेट्यांना सांगितलं. त्यांनी ते मला सांगितलं, आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

पुढे हिराओका-सानना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. पाकिटं बंद झाली. मधल्या एका वर्षी डाव्या हाताने जमतंय का बघायला म्हणून त्यांनी थोडी चटणी केली, दहा-बारा पाकिटं, आणि त्याच दुकानात ठेवली. खांबेटे पोचेपर्यंत एकच उरलं होतं. ते त्यांनी घेतलं, पट्टी लावली. ते कपाटात जायचं होतं.

त्याच महिन्यात तुमचे आजोबा गेले. तुमचे बाबा येऊन दिवस करून परत गेले आणि मी फ्लॅटमध्ये एकटी राहिले. मला अन्न जात नव्हतं. खांबेटे एका दुपारी आले, खुर्चीत अवघडून बसले. निघताना त्यांनी पिशवीतून ते पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"यात मासळी नाही. मी विचारून घेतलंय. गरम भातावर घाला. चार घास तरी जातील."

"पण हे तर तुमच्या कपाटातलं..."

"कपाटाला भूक लागत नाही," ते म्हणाले.

मी चार घास खाल्ले. खरंच गेले. मग उठले आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा ओटा पुसला. तुम्हाला माझं स्वयंपाकघर माहीत आहे. कुठलीही गोष्ट पाकिटात राहिलेली मला चालत नाही. मी एक छोटा स्टीलचा डबा घेतला, चटणी त्यात ओतली आणि आतलं केव्हाचं आहे ते कळावं म्हणून पाकिटावरची पट्टी अलगद सोडवून डब्यावर लावली. छान निघाली, जराही फाटली नाही. पाकिटाची घडी घालून ती कचऱ्याच्या नळीत टाकली. सगळ्या ब्लॉकचा कचरा जिथून खाली जातो, त्या नळीत. घर आवरल्याचं मला बरं वाटलं होतं, हेही लिहून ठेवते.

त्यानंतर काही काळाने खाण्याचे पदार्थ करणाऱ्या एका मोठ्या कंपनीने अर्ज केला. त्यांना चिनात्सु हे नाव नूडल्ससाठी हवं होतं. पाच वर्षं या नावाचा माल विकलेला नाही, नोंद रद्द करा, असं त्यांचं म्हणणं. ते किराणा दुकान तोवर बंद झालं होतं आणि मालक जपानला परत गेला होता. हिराओका-सानच्या भाचीने त्यांचं घर हलवताना जुने कागद टाकून दिले होते. पाच वर्षांत विकली गेली ती एवढीच दहा-बारा पाकिटं, आणि त्यातलं कुठे असेल तर एकच.

खांबेटे शनिवारी सकाळी माझ्याकडे आले. दारातूनच म्हणाले, "लिमयेबाई, ते पाकीट. चटणी संपली असली तरी चालेल, नुसतं पाकीट."

मी डबा आणून त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो फिरवून पाहिला. पट्टीवरून अंगठा फिरवला. तारीख होती, दुकान होतं, किंमत होती, सगळं त्यांच्या अक्षरात. बाकी नुसतं स्टील. त्यात त्यांचा चेहरा दिसत होता.

"नाव टाकलंत," ते म्हणाले. रागाने नाही.

मी रडले. मग मला सुचलं ते बोलले, आणि ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं.

"तुमच्या कपाटात त्याआधीचं रिकामं पाकीट असेल ना? अगदी हेच, त्याच छपाईचं?"

"आहे. पण ते पाच वर्षांच्या आधीचं."

"मग ही पट्टी त्यावर लावा. अक्षर तुमचं, तारीख खरी, दुकान खरं. त्या दिवशी तुम्ही ते विकत घेतलं होतं हे खरं. पट्टी जिथली तिथे गेली, एवढंच."

ते डबा बघत राहिले. "पाकीट दुसरं आहे."

"पण गोष्ट खरी आहे!"

"गोष्ट खरी आहे. पाकीट दुसरं आहे."

"त्या बाईची मुलगी आहे हो ती! तुमच्या चिकटपट्टीपेक्षा मोठी नाही का?"

"ते मला कळतं, बाई," ते म्हणाले. "एकदा अशी पट्टी लावली, की माझ्या कपाटातलं एकही पाकीट खरं राहत नाही." डबा त्यांनी ओट्यावर ठेवला. "ही काढू नका. राहू द्या तिथे."

आम्ही दोघांनी शपथपत्रं दिली. आमच्या वकील मिस तान यांनी आधीच सांगितलं होतं: ज्या ऑफिसकडे काम आहे त्याच ऑफिसची दोन माणसं, हातात नाव असलेला एकही कागद नाही; याला वजन किती येणार? खांबेट्यांचं शपथपत्र मीच टाइप केलं. त्यात एक वाक्य होतं: पाकीट माझ्या ताब्यात होतं, ते मी दुसऱ्याला दिलं आणि जपलं नाही, हा दोष माझा. मी टाइप करताना थांबले. ते पाठीमागे उभे होते. "पुढे चला," म्हणाले.

नोंद रद्द झाली.

हिराओका-सानना सांगायला ते एकटे गेले. मी बरोबर जायला हवं होतं. त्या दिवशी डोकं दुखतंय असं मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात ते जेवले नाहीत. संध्याकाळी लिफ्टची वाट बघताना, मी न विचारता, म्हणाले, "मी वाकून माफी मागितली. त्या पण वाकल्या. मग म्हणाल्या, म्हणजे आता तिला कोणीही हाक मारू शकेल."

"माझ्याबद्दल सांगितलंत?"

"ते कशाला?"

लिफ्ट आली. आम्ही खाली आलो, स्टेशनपर्यंत चालत गेलो आणि ते आपल्या प्लॅटफॉर्मकडे गेले.

वर्षभरात हिराओका-सान भाचीकडे जपानला गेल्या. पिवळी पाकिटं दुकानांत आली. खांबेटे तो कप्पा टाळून पलीकडच्या रांगेतून जात. त्यांच्या खिशातली पेन्सिल दिसेनाशी झाली. निवृत्त झाल्यावर त्यांनी कपाट रिकामं केल्याचं मला मागाहून कळलं. विचारलं तर म्हणाले, "जागा लागते हो घरात." एकट्या माणसाला तीन खोल्यांत कसली जागा लागणार?

त्यांचं बरोबर होतं की माझं, हे तुम्ही मला विचाराल. मी कित्येक वर्षं दोन्ही बाजूंनी विचार केला आहे. कधी वाटतं, त्यांनी आपलं कपाट वाचवलं आणि एका आईचं नाव घालवलं. पण त्यांनी ते कपाटही ठेवलं नाही. आणि नाव घालवलं ते मी. यापलीकडे मला जाता आलेलं नाही.

शेवटी ते चोआ चू कांगच्याच एका वृद्धाश्रमात होते. मी दर पंधरवड्याला टॅम्पिनीसहून जात असे. सिंगापूरच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, वाचायला पुस्तक घेऊन. शेवटच्या भेटीला मी भाताचा त्रिकोण नेला होता, मासळी नसलेला. त्यांचे हात थरथरत होते, म्हणून मी उघडायला घेतला. वरची पट्टी ओढली.

"एक," ते म्हणाले.

पहिला कोपरा.

"दोन."

तिसऱ्याला ते काही बोलले नाहीत. पापुद्रा नीट बसला होता. त्यांनी दोन घास खाल्ले आणि पुरे म्हणून हात हलवला. आमचं बोलणं फारसं झालं नाही. ते मला ओळखत होते की नाही, कोण जाणे. लिमयेबाई मात्र म्हणाले.

निघताना मी व्हरांड्याच्या टोकाशी वळून पाहिलं. त्यांनी प्लास्टिकचा तो कागद मांडीवर पसरला होता आणि तळहाताने एकेक सुरकुती काढत होते. अगदी सपाट झाल्यावर त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. तिथे काही नव्हतं. बोटं थोडा वेळ खिशात तशीच राहिली. माझ्या पर्समध्ये पेन होतं. मी परत गेले नाही. बस यायची होती. मग एक मुलगी ताटं गोळा करत आली, आणि त्यांनी तो कागद घडी करून तिच्या हातात दिला.

निहार, चिनात्सु हे एका मुलीचं नाव होतं. पाकिटावरची मुलगी ती नाही. तू नूडल्स खाल्लेस त्यात काही चुकलं नाही.

चटणी केव्हाच संपली. डबा माझ्या ओट्यावर, मिठाच्या शेजारी आहे. तो मी रिकामा ठेवते आणि पुसताना पट्टीला पाणी लागू देत नाही. पेन्सिल फिकट झाली आहे, पण चष्मा लावला की वाचता येते: तारीख, दुकान, किंमत.

तुमची,
आजी
टॅम्पिनीस